फ्रान्सच्या डोंगराळ खेड्यांतून सायकलने : रोदेझ ते काओर, सहा दिवस

कासवाट

नमस्कार मंडळी. मी मूळची साताऱ्याची, सध्या मुक्काम तुलूझ. मे महिन्याच्या शेवटी नवरा आणि मी रोदेझपासून काओरपर्यंत सायकलने गेलो. सहा दिवस आणि सगळं मिळून पावणेदोनशे किलोमीटर. कॅरिअरला दोन-दोन पॅनियर (बाजूला लटकणाऱ्या पिशव्या), तंबू, स्वयंपाकाचा छोटा स्टोव्ह. या भागाबद्दल मराठीत फारसं वाचायला मिळालं नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. आल्प्सच्या घाटांवर जाणारे आपल्याकडे आता बरेच आहेत. या भागाकडे कोणी वळत नाही, याची मला खरंच हळहळ वाटते.

आधी भूगोल, कारण पायांना सगळ्यात आधी तोच कळतो. आपल्याकडे यवतेश्वराचा घाट चढलं की पठार लागतं आणि मग बराच वेळ आपण वरच असतो. इथं लोत आणि तिच्या उपनद्यांनी पठार चिरून ठेवलंय. रस्ता नदीपाशी उतरतो, पूल ओलांडतो आणि लगेच पुन्हा चढायला लागतो. एकेक चढ दीडदोनशे मीटरचा, पण दिवसात तीन-चार वेळा. पहिल्याच संध्याकाळी आम्ही किलोमीटर मोजणं सोडलं आणि चढ मोजायला लागलो. मिशलँच्या कागदी नकाशावर चढाच्या जागी रस्त्यावर बाणाच्या टोकासारखी खूण असते. एक खूण म्हणजे ५ ते ९ टक्के, दोन म्हणजे ९ ते १३, तीन म्हणजे त्याहूनही उभा चढ. ज्या रस्त्याला हिरवी कड आहे तो देखणा. हिरवी कड आणि एकच खूण असे रस्ते जोडत गेलात तर दिवस छान जातो.

पहिला दिवस रोदेझ ते कोंक. रोदेझ टेकडीवर वसलंय, कॅथीड्रलचा ८७ मीटर उंच लालसर मनोरा गाव सोडल्यावरही बराच वेळ मागे दिसत राहतो. तिथून साल-ला-सूर्सला उतरलो. या गावात धबधबा थेट घरांच्या शेजारी कोसळतो. पुढे मार्सियाकच्या द्राक्षमळ्यांत माती इतकी लाल की नवरा म्हणाला, "रत्नागिरीला आलो की काय!" मग दुर्दू नदीच्या कडेने सपाट रस्ता आणि शेवटी कोंकचा चढ. तो लहान आहे, पण दिवसभराच्या सामानासह उभाच्या उभा अंगावर येतो. मी सायकल हातात धरून गेले. पाठीवर बोजा घेतलेले यात्रेकरू सोबत चालत होते, त्यांच्यातलीच एक झाले.

कोंक हे ल प्वीहून स्पेनमधल्या सांतियागोला जाणाऱ्या जुन्या यात्रेच्या वाटेवरचं गाव. सेंट फ्वा नावाच्या बालहुतात्म्याच्या अस्थी इथं आहेत. नवव्या शतकात इथला एक साधू आजँ गावी जाऊन दहा वर्षं राहिला, विश्वास संपादन केला आणि अस्थी घेऊन इकडे निघून आला, असं परंपरा सांगते. त्या अस्थींमुळे यात्रा आली आणि यात्रेमुळे एवढ्याशा दरीत एवढं मोठं चर्च उभं राहिलं. दारावरच्या कमानीत बाराव्या शतकातला अंतिम न्यायाचा देखावा कोरलाय, १२४ आकृत्या. सैतानाच्या बाजूला एक कंजूष माणूस गळ्यात पैशाची थैली अडकवून लटकलाय. पण मला सापडली ती बाहेरच्या कडेवरची चिमुकली तोंडं. दगडाची पट्टी दोन्ही हातांनी धरून, तिच्यावरून फक्त डोळे आणि नाक वर काढून ती आत डोकावताहेत. आमच्या वाड्यात पाहुणे आले की माडीच्या कठड्याआडून आम्ही पोरं अशीच बघायचो.

दिवसा बसने लोक येतात, फोटो काढतात, पाचपर्यंत जातात. सायकलवाल्याला राहावंच लागतं, कारण पुढे पुन्हा चढ आहे. म्हणून संध्याकाळ आपल्या वाट्याला येते. रात्रीच्या प्रार्थनेनंतर तिथल्या मठातले एक साधू बाहेर पायऱ्यांवर येऊन त्या कमानीतली एकेक आकृती समजावून सांगतात, मग आत ऑर्गन वाजतो आणि वरच्या सज्जात फिरू देतात. पिएर सूलाज या रोदेझच्या चित्रकाराने केलेल्या १०४ खिडक्या आहेत, १९९४ मध्ये बसवलेल्या. काच रंगीत नाही, आरपारही दिसत नाही, नुसता उजेड झिरपतो. मावळतीला पश्चिमेकडची काच केशरी झाली आणि उत्तरेकडची निळसर राहिली, काच तीच. तासभर आम्ही दोघं काही बोललो नाही.

पुढचे दिवस प्रतिसादांत लिहिते. काही विचारायचं असेल तर जरूर विचारा.

निवांत

अगं, किती सुंदर लिहिलंस! मी एकसष्ट वर्षांची, ठाण्याला असते, उपवन तलावाभोवती रोज पंधरा-वीस किलोमीटर चालवते. मला जमेल का हे? खरं सांग. बॅटरीच्या सायकलने गेलं तर ते खरं मानतात का तिकडे?

दिवेघाट

ताई, वाचताना मजा आली. एक शंका मनापासून विचारतो. मी पुण्यात ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळात पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या, करतो. २०० किमीच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात. तुमचा अख्खा रस्ता आमच्या हिशोबाने एका दिवसाचा. रजा मोजकी असते, व्हिसा-विमानाचा खर्च मोठा. एवढ्या लांब येऊन रोज तीस-चाळीस किलोमीटरच का? दोन दिवसांत हे उरकून पिरेनीजच्या घाटांवर जाता येणार नाही का?

कासवाट

@निवांत काकू, जमेल. ठाण्यात रोज वीस किलोमीटर चालवणाऱ्या बाईला इथली रहदारी म्हणजे विश्रांती वाटेल. बॅटरीच्या सायकलीवर सत्तरीतली फ्रेंच जोडपी आम्हाला रोज भेटली, सामानासकट. भाड्याने मिळतात. फक्त रात्री चार्जिंगची सोय आहे का ते मुक्कामाच्या ठिकाणी आधी विचारून ठेवा. साधी सायकल घेतलीत तर पुढची सर्वांत छोटी चकती आणि मागची सर्वांत मोठी यांचे दाते सारखे तरी हवेतच, पुढची आणखी लहान असेल तर उत्तम. सामान असताना गुडघा वाचवायचा तो याच एका गोष्टीने.

@दिवेघाट दादा, तुमचा प्रश्न रास्त आहे आणि ब्रेव्हेवाल्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण या रस्त्यावर अंतर हा मुद्दाच नाही. प्रत्येक गाव एक तर कड्यावर आहे नाही तर दरीच्या तळाशी. तिथे पोचायलाच अर्धा दिवसाचा जोर लागतो आणि पोचल्यावर लगेच निघायचं म्हणजे जेवायला बसून पानावरून उठण्यासारखं आहे. दोन दिवसांत गेलात तर कोंकची संध्याकाळ तुमच्या वाट्याला येणार नाही, पेश-मेर्लच्या आदिमानवाच्या चित्रांच्या गुहेची वेळ चुकेल, सँ-सिर्क गावात नेमकी बसच्या गर्दीत पोचाल. पिरेनीज आहेतच, पण मग पिरेनीजलाच जा. दोन्ही एका रजेत बसवू नका.

आणि हौशी सायकलप्रवासाचं मूळ याच देशात, इथून पूर्वेला सेंत-एत्येनमध्ये आहे. तिथे पॉल द विवी नावाचा गृहस्थ होऊन गेला (१८५३–१९३०), 'व्हेलोसिओ' या टोपणनावाने लिहायचा. घाट चढायचे तर सायकलला गिअर हवेत, हे त्याने आयुष्यभर मांडलं. शर्यतवाले गिअरला कमीपणा मानत. तूर द फ्रान्सने साखळी सरकवणारे गिअर १९३७ साली वापरू दिले, तोवर हा माणूस गेलेलाही होता. भूक लागायच्या आधी खा, तहान लागायच्या आधी प्या, हा त्याचा सल्ला आजही प्रत्येक सायकलवाला एकमेकाला देतो. तो शाकाहारी होता, हे जाता जाता.

रानभूल

शाकाहारी म्हणालात म्हणून विचारते. आम्ही चौघंही शाकाहारी, अंडं चालतं. त्या भागात बदकाशिवाय काही मिळत नाही असं ऐकलंय. सहा दिवस काय खाल्लंत?

कासवाट

@रानभूल बदक खूप आहे, हे खरं. सॅलड मागवलंत तरी वर बदकाच्या पोटातले तुकडे किंवा डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे येऊ शकतात, म्हणून "साँ व्हियाँद, साँ लार्दों, साँ जेझिये" हे पाठच करून जा. म्हणजे मांस नको, डुकराचे तुकडे नकोत, बदकाचे नकोत. रोदेझच्या बाजूला आलिगो मिळतो. उकडलेला बटाटा, ताजं टोम चीज, लोणी, साय, लसूण, सगळं एकजीव घोटलेलं. वाढणारा डाव वर उचलतो तर हातभर लांब तार निघते. थकलेल्या पायांना याहून चांगलं काही नाही, फक्त सोबत सॉसेज असतं ते नको म्हणून सांगायचं. लोतच्या बाजूला रोकामादूरचं बकरीच्या दुधाचं चीज, चपटी छोटी चकती, साधारण ३५ ग्रॅमची. गरम पावावर ती आणि शेजारी अक्रोड. अक्रोडाचा केकही सगळीकडे. रानातल्या अळंब्यांचं आम्लेट मोसमात.

जेवायची वेळ मात्र पाळावी लागते. बारा ते दोन. सव्वादोनला पोचलात तर स्वयंपाकघर बंद, आणि मग सातपर्यंत काही नाही. सोमवारी बऱ्याच गावांत पावाचं दुकान बंद असतं, रविवारी दुपारनंतर सगळंच. आम्ही डब्यात जाड पोहे, दाण्याचं कूट आणि मेतकूट ठेवलं होतं. एका सोमवारी लोतच्या काठावर बाकावर बसून पोहे भिजवले, टोमॅटो चिरला, मीठ-मेतकूट घातलं. शेजारी एक आजोबा गळ टाकून बसले होते, त्यांनीही चमचाभर खाल्लं आणि मेतकुटात काय काय असतं ते नीट विचारून घेतलं.

पाण्याची युक्ती सांगते. पठारावरच्या खेड्यात हॉटेल नाही, दुकान नाही, पण दफनभूमी असते आणि तिच्या फाटकाशी नळ असतो, थडग्यांवरच्या फुलझाडांना घालायला. फ्रान्सभर सायकलवाले तिथेच बाटल्या भरतात. नळावर "ओ नों पोताब्ल" लिहिलं असेल तर मात्र पिऊ नका. माँरदोंच्या चढानंतर आमच्या दोघांच्याही बाटल्या कोरड्या होत्या. फाटकाशी हेल्मेट काढली, आत गेलो. हिरवे पत्र्याचे झारे खिळ्यांना ओळीने टांगलेले. एक आजी थडग्यावरच्या जिरेनियमला पाणी घालत होत्या. आम्ही विचारलं, पिण्याचं आहे का? त्या म्हणाल्या, माझ्या घरी येतं तेच. मग आमच्या बाटल्या घेऊन, पाणी थंड लागेपर्यंत नळ सोडून ठेवून, स्वतः भरून दिल्या.

काळापाषाण

धाग्याला भूगोलाने सुरुवात झाली म्हणून थोडी भर घालतो, मी भूशास्त्र शिकवतो.

कासवाट यांनी पाहिलेला चढउतार चुनखडीमुळे आहे. आपला दख्खनचा काळा पाषाण साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. केर्सीचं, म्हणजे फिजाक-काओरकडचं, पठार ज्युरासिक काळातल्या समुद्रतळावर साचलेल्या चुनखडीचं, म्हणजे त्याहून दुपटीने जुनं. चुनखडी पावसाच्या पाण्यात हळूहळू विरघळते. पाणी वर न थांबता फटींतून खाली मुरतं, म्हणून पठार कोरडं, ओढा नाही, तळं नाही. तेच पाणी खाली गुहा कोरतं आणि नदीकाठी झरा होऊन बाहेर येतं. अशा पठारावर बाटल्या कोरड्या पडतात त्या यामुळेच. त्या भागात पादिराकचं विवर आहे, १०३ मीटर खोल, तळाशी नदी, तिच्यातून नावेने नेतात. गुहासंशोधक एदुआर-आल्फ्रेद मार्तेल १८८९ मध्ये त्यात उतरला. लोकांसाठी ते १८९८ ला उघडलं.

एक विनंती. पुढच्या वेळी छपरं बघत जा. खालचा दगड बदलतो तसं छप्पर बदलतं.

कासवाट

@काळापाषाण सर, अगदी हेच झालं! कोंकला भिंतीही शिस्टच्या (पापुद्र्यांच्या दगडाच्या) आणि छपरंही करड्या पातळ दगडी पाट्यांची, माशाच्या खवल्यांसारखी. दुसऱ्या दिवशी दुर्दूवरचा जुना पूल ओलांडून लोतच्या काठाला लागलो, लिव्हिन्याकहून माँरदों चढलो आणि फिजाक जवळ आलं तशी भिंत पिवळसर झाली, छपरावर तपकिरी कौलं आली. मोटारीतून तासाभरात हे निघून गेलं असतं. शेतांच्या कडेला नुसते दगड रचून बांधलेल्या गोल झोपड्या दिसतात, चुना नाही की माती नाही. नांगरताना निघालेल्या दगडांचं काय करायचं, तर कुंपण आणि अशा झोपड्या. साताऱ्याच्या पठारावर दगडी गडगे घालतात, तीच बुद्धी.

आता फिजाक. हे शाँपोलियोंचं जन्मगाव, १७९० चा जन्म. इजिप्तची चित्रलिपी १८२२ मध्ये उलगडली तो हाच. त्याच्या घराच्या मागच्या अंगणात जोसेफ कोसुथ या कलाकाराने १९९१ मध्ये, जिच्या आधारे ती लिपी उलगडली त्या रोझेटा शिळेची भलीमोठी प्रतिकृती काळ्या ग्रॅनाइटमध्ये जमिनीवर केली आहे. अंगणभर. आपण तिच्यावरून चालतो. तीन लिपींच्या तीन पायऱ्या. सकाळी सातला तिथे कोणी नव्हतं. माझी आजी मोडी वाचायची, घरातले जुने कागद तिच्यानंतर कोणालाच लागले नाहीत. त्या दगडावर अनवाणी उभी राहिले तेव्हा ते कागद आठवले. यंदा सुट्टीत आले की पेटीतून बाहेर काढणार आहे.

फिजाकला आम्ही एक अख्खा दिवस थांबलो आणि अजून एक थांबायला हवं होतं.

राईनकाठ

मी जर्मनीत कोलोनला असतो. आम्ही मागच्या वर्षी त्याच भागात रोकामादूर आणि कोर्द-स्युर-सिएल केलं. भर घालतो.

रोकामादूरला खालून, आल्झूच्या घळीतून न जाता आधी लोस्पितालेच्या बाजूने वरून बघा. सकाळचं ऊन कड्यावर असतं. कडा, त्याला चिकटलेली घरं, वर देवळं, सगळ्यांवर किल्ला. गावातून देवळांकडे २१६ पायऱ्या आहेत, पूर्वी यात्रेकरू गुडघ्यांवर चढत. वर काळ्या मेरीची लाकडी मूर्ती. सायकल खालीच कुलूप लावून ठेवा.

कोर्द हे १२२२ साली तुलूझच्या काउंट रेमाँ सातव्याने वसवलं. उत्तरेकडून आलेल्या सैन्यांनी दक्षिणेतल्या कॅथर या ख्रिस्ती पंथीयांविरुद्ध मोहीम उघडली होती, त्या धामधुमीत. नाव नुसतं कोर्द होतं, "आकाशावरचं" हे १९९३ मध्ये जोडलं. शरद ऋतूत पहाटे दरी धुक्याने भरते आणि गाव वर तरंगतं, तेव्हा ते नाव पटतं. चढ गोट्यांच्या फरसबंदीचा आहे. पावसात त्यावर बारीक टायर घसरतो, आमच्या मित्राचा घसरला, कोपर फुटलं. बत्तीस मिलिमीटरपेक्षा जाड टायर असतील तरच चालवत जा.

परसदार

लेख आवडला, पण एक गोष्ट खटकते ती बोलून दाखवतो. मी त्या भागात कामानिमित्त दोनदा गेलोय, फेब्रुवारीत. गावं देखणी, पण खिडक्या बंद. घरं पॅरिसच्या नाही तर परदेशी मालकांची, उन्हाळ्यात दोन महिने उघडणारी. शाळा नाही, किराणा नाही, मातीची भांडी विकणारी दुकानं आठ. आमच्या गुहागरकडच्या वाडीत हेच बघतोय, घरं मुंबईकरांची, गणपती आणि मे महिना सोडला तर कुलूप. "सुंदर खेडं" म्हणून आपण जे बघायला जातो ते खेडं उरलंय का?

दिवेघाट

+१. मीही हेच विचारणार होतो.

कासवाट

@परसदार, तुम्ही बोललात ते बरं झालं, कारण सँ-सिर्क-लापोपीला मलाही हेच टोचलं. त्या गावाबद्दलच लिहिते.

फिजाकहून चौथ्या दिवशी सेले नदीच्या कडेने गेलो. डी ४१ हा रस्ता. संपूर्ण प्रवासातला सर्वांत मायाळू दिवस. नदी उथळ, हिरवी. डाव्या-उजव्या हाताला पांढरे कडे. एस्पान्याकला जुना मठ, त्याचा घंटेचा मनोरा लाकडी चौकटी आणि विटांचा. मार्सियाकला (हे सेलेकाठचं, वर लिहिलेलं द्राक्षांचं वेगळं) पडक्या मठाची भिंत. पुढे काही कड्यांच्या पोटात भिंत बांधून केलेले किल्ले दिसतात, लोक त्यांना इंग्रजांचे किल्ले म्हणतात, इंग्लंड-फ्रान्समधल्या शंभर वर्षांच्या युद्धापासून (१३३७–१४५३). काब्ररेला मुक्काम. दुसऱ्या दिवशी सकाळी पेश-मेर्लची गुहा.

१९२२ मध्ये दोन किशोरवयीन मुलांना तिच्यातली चित्रं सापडली. दिवसाला ७०० माणसंच आत सोडतात, त्यामुळे वेळ आधी घ्या. आत ठिपक्यांचे दोन घोडे, पंचवीस हजार वर्षांहून जुने. उजवीकडच्या घोड्याचं डोकं तिथे होतंच. खडकाची कडाच घोड्याच्या डोक्यासारखी आहे, रंगवणाऱ्याने ती ओळखली. घोड्यांभोवती हातांचे ठसे, हात भिंतीला टेकवून वरून रंग फुंकलेला, म्हणून हात रिकामा आणि कड काळी. वारल्यांच्या किंवा आपल्या दारावरच्या हळदीकुंकवाच्या हाताशी याचा काही संबंध नाही हे मला माहीत आहे. तरी लग्नात आईने माझा हात भिंतीवर टेकवला होता तो तळवा मला आठवला आणि घसा दाटून आला. फोटो काढू देत नाहीत, ते फार चांगलं करतात.

तिथून सँ-सिर्क बारा किलोमीटर. लोत ओलांडून वर चढ. गाव नदीच्या सरळ वर शंभर मीटर कड्यावर. एके काळी इथले कारागीर लाकूड कातून पिंपांचे नळ बनवत, त्यावर गाव जगत होतं. तो धंदा गेला, गाव ओस पडत गेलं. पुढे कवी आंद्रे ब्रतोंने इथे घर घेतलं, चित्रकार आले, घरं दुरुस्त झाली. म्हणजे जी बाहेरची माणसं आल्यामुळे खिडक्या बंद आहेत, तीच आली नसती तर भिंती पडल्या असत्या. दोन्ही खरं आहे. "फ्रान्समधली सर्वांत सुंदर गावं" ही संघटना १९८२ मध्ये कोलोंज-ला-रूझ या गावाच्या महापौराने सुरू केली ती याच भीतीतून. गावात दोन हजारांहून जास्त वस्ती नसावी आणि किमान दोन संरक्षित वास्तू असाव्यात, असे तिचे निकष आहेत.

म्हणून आम्ही ठरवून जेवण, मुक्काम, चीज, पाव, सगळं त्या-त्या गावातच घेतलं. ग्रामपंचायतीचे तंबूतळ आहेत, स्वस्त आणि स्वच्छ, तिथे पैसे गावाला जातात. बसने येणारा माणूस पार्किंगचे पैसे देऊन निघून जातो. सायकलवाला भुकेला येतो आणि राहतो. हे उत्तर पुरेसं नाही, पण सायकलवर बसून मला एवढंच करता आलं. आणि गुहागरच्या वाडीबद्दल तुम्ही वेगळा धागा काढाच, मी वाचणार.

परसदार

पिंपांच्या नळांच्या धंद्याचं माहीत नव्हतं. आमच्याकडे नारळाच्या काथ्याचं तसंच झालं. धागा काढतो.

दिवेघाट

ताई, तुमचं पटलं. २०२७ च्या पॅरिस-ब्रेस्त-पॅरिसची तयारी चालू आहे, १२०० किलोमीटर, नव्वद तास. ती झाली की बायकोला बोलावून घेऊन हा रस्ता तुमच्या वेगाने करायचा बेत आहे.

एक तांत्रिक सूचना, विमानाने सायकल नेणाऱ्यांसाठी. २०२३ ला माझी सायकल खोक्यातून निघाली तेव्हा मागचा डिरेलर हँगर (गिअर बदलणारा डिरेलर ज्यावर बसतो तो फ्रेमचा तुकडा) वाकलेला होता. तक्रार केली, महिनाभर उत्तर आलं नाही. तेव्हापासून मी डिरेलर सोडवून, बबलरॅपमध्ये गुंडाळून, चेनस्टेला (साखळीशेजारच्या फ्रेमच्या दांड्याला) बांधतो आणि स्वतःच्या फ्रेमचा हँगर जास्तीचा बरोबर ठेवतो. प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो, छोट्या गावात मिळणार नाही. ब्रेक पॅडचा एक जोड जादा. स्टोव्हची गॅसची डबी विमानात चालत नाही, तिथेच घ्या.

निवांत

मी काल सायकलच्या दुकानात जाऊन आले! सप्टेंबरचं ठरवतेय, मी आणि बहीण. रस्त्यावरचे नियम सांग गं. आणि पॅरिसला उतरलो तर तिथून कसं यायचं?

कासवाट

@निवांत काकू, वा! सप्टेंबर उत्तम, ऊन उतरलेलं असतं, द्राक्षं तोडणीला आलेली असतात. जुलै-ऑगस्ट टाळा, पठारावर सावली नाही.

पॅरिसच्या ऑस्तरलित्झ स्थानकावरून काओरमार्गे तुलूझला गाडी येते, तिच्यात सायकलची जागा आधी आरक्षित करावी लागते. तुलूझहून रोदेझ, फिजाक, काओर तिन्हीकडे प्रादेशिक गाड्या आहेत, सायकल सोबत डब्यात, पण जागा मोजक्या, म्हणून सकाळची गाडी धरा. व्हिसासाठी प्रवासविमा ३०,००० युरोंचा लागतो, घेताना सायकलवरचा अपघात त्यात धरलाय का ते वाचून घ्या.

नियम : गावात उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्याला वाट द्यायची, त्याचा रस्ता बारका असला तरी, पाटी नसेल तिथे हाच नियम. कानात इअरफोन चालत नाहीत. गावाबाहेर अंधारात किंवा धुक्यात चमकणारं जॅकेट सक्तीचं. मोटारवाल्याने गावाबाहेर दीड मीटर अंतर सोडून ओलांडायचं असतं आणि बहुतेक सोडतात. वळणावर मागे थांबून राहतात, हॉर्न वाजवत नाहीत. घाबरून कडेच्या गटारात शिरू नका.

शेवटचा दिवस सँ-सिर्क ते काओर, लोतच्या काठाने. काओरला नदी गावाला जवळजवळ पूर्ण वेढा घालते. व्हालाँत्रे पूल १३०८ मध्ये बांधायला घेतला, पुलावरच तीन मनोरे. गोष्ट अशी सांगतात की काम रखडलं म्हणून मुख्य गवंड्याने सैतानाशी करार केला, आणि शेवटी त्याला चाळणीतून पाणी आणायला सांगून आपला आत्मा सोडवला. सैतान चिडून मधल्या मनोऱ्याचा एक दगड रोज रात्री काढायचा. १८७९ च्या दुरुस्तीत वास्तुविशारद पॉल गूने त्या कोपऱ्यात दगड उपटणारा छोटा सैतान कोरवून बसवला. मान वर करून शोधा, दिसतो.

निवांत

बहिणीला वाचून दाखवलं, ती चाळणीच्या गोष्टीवर खूश. आम्ही फिजाकला दोन रात्री राहायचं ठरवलंय. कोणत्या वारी पोचावं?

कासवाट

शुक्रवारी संध्याकाळी पोचा. शनिवारी सकाळी प्लास कार्नोच्या लोखंडी मंडपात बाजार भरतो. बकरीचं चीज घेताना ताजं की मुरलेलं ते विचारतात, दोन्ही एकेक घ्या. रविवारी सकाळीच पाव घेऊन ठेवा, सोमवारी सेलेच्या रस्त्यावर मिळेलच असं नाही. रस्त्याची फाइल व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) पाठवते.